आज कोन न्हाई?

सकाळी परिपाठाला पोरं ओळीत उभी राहिली की आमचे हेडसर वरच्या पायरीवर येत, हात मागे बांधत आणि काही न बोलता बघत राहत. प्रतिज्ञा संपली, सुविचार झाला, बातम्या वाचून झाल्या, तरी यांचं आपलं बघणं चालूच. मग एकदम म्हणत, "आज कोन न्हाई?" हा प्रश्न पोरांना नसायचा आणि आम्हा शिक्षकांनाही नसायचा. स्वतःलाच विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. "सातवीतली ती पिवळ्या रिबिनीची न्हाई. आठवीतल्या दोन भावातलं धाकलं न्हाई. आन नववीत त्या कोपऱ्यात जागा मोकळी दिसतीया, तितं कोन आसतंय गड्या?"

मी नवी होते तेव्हा मला हा निव्वळ नाटकीपणा वाटला. सांगलीत वाढलेली मी, गणितात कायम पहिली, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एकदा तोंडावर म्हणाले, "सर, हजेरी घ्यायला आम्ही वर्गशिक्षक आहोत की. मोजलं की कळतं."

ते म्हणाले, "बाई, मोजल्यावर किती न्हाईत ते कळतंय. कोन न्हाई ते बघितल्यावर कळतंय."

त्यावरून मी आठवडाभर धुसफुसत होते.

हेडसर मूळचे माणदेशाचे, मेंढपाळाच्या घरातले. त्यांच्या लहानपणी दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोड्यावर घालून मेंढरांसकट खाली आमच्या उसाच्या मुलखात यायचं. ज्या गावच्या शिवारात मेंढरं बसवली असतील त्या गावच्या शाळेच्या दारात हे पाटी घेऊन उभे राहायचे. मास्तर मायाळू असला तर आत, नसला तर खिडकीखाली. असं करत करत शिकले, बी. एड. झाले आणि आमच्या कडेगावच्या शाळेत हेडसर होऊन बसले. बसले म्हणायची पद्धत. खुर्चीत त्यांना बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. खुर्चीवर त्यांची पिशवी बसायची.

त्यांचा बाप म्हणे मेंढरं कधी मोजत नसे. मोजली की कमी होतात, अशी समजूत. संध्याकाळी कळप जाळीच्या कुंपणात शिरू लागला की तो तोंडाशी उभा राहून नुसता बघायचा आणि शेवटचं मेंढरू आत गेल्यावर म्हणायचा, "काळ्या कानाची आली न्हाई." मग कंदील घेऊन बापलेक तिला शोधायला. आमचे हेडसर कंदिलाऐवजी मोपेड घेऊन जात. तिचा ब्रेक कधीच गेलेला होता, पाय घासून थांबवायची. पहिला तास संपायच्या आत ते न आलेल्या पोराला मागे बसवून परत.

एकदा एका पोरीबरोबर तिची शेळीही आणली. शेळी राखायला घरी कुणी नाही, म्हणून पोरगी यायला तयार नव्हती. झालं, दिवसभर शेळी ऑफिससमोरच्या लिंबाला बांधलेली. आणि नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. शेळीकडे बघून म्हणाले, "ही काय भानगड आहे?"

हेडसर शांतपणे म्हणाले, "पालक आल्यात साहेब."

साहेबांनी शेरा काय मारला ठाऊक नाही, पण जाताना तेही हसत होते.

दुसरं वेड वेळेचं. कार्यक्रम साडेदहाला म्हटलं की साडेदहाला सुरू. पाहुणे आले तरी आणि नाही आले तरी. एका स्नेहसंमेलनाला बडे पाहुणे यायचे होते, कारखान्याच्या राजकारणातले. घड्याळाचा काटा टेकला तसं हेडसरांनी सहावीतल्या एका पोरीच्या हातात नारळ दिला आणि म्हणाले, "फोड गं. आज तूच पाव्हनी." पाहुण्यांच्या गाड्या धुरळा उडवत आल्या तेव्हा आम्ही सगळे शेवटच्या 'वंदे मातरम्'साठी उठून उभे होतो. पाहुण्यांना वाटलं, त्यांच्या स्वागताला उठलो. संस्थेचे सचिव हेडसरांवर असे काही कडाडले की विचारू नका. हे म्हणाले, "पाव्हणं येतील तवा येतील. पोरं उनात बसल्याती, त्यास्नी का शिक्षा?"

आणि तिसरं म्हणजे सत्काराचा तिटकारा. आमच्या शाळेत सत्काराची एक ठरलेली शाल होती, तपकिरी, काठाला कशिदा. बाहेरच्या पाहुण्यांना नवी शाल, पण घरच्या माणसाचा सत्कार असला की ही काढायची. फोटो झाला की ज्याची त्याने घडी घालून कपाटात परत ठेवायची. मला आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला तेव्हा माझ्याही खांद्यावर हीच पडली होती. डांबराच्या गोळ्यांचा वास दिवसभर गेला नाही. हेडसर त्या शालीला हात लावत नसत. म्हणायचे, "शाल घातली की मानूस संपला. सत्कार म्हंजी मानसाला गोड बोलून वाटंला लावायचा परकार."

मला ते कायम 'गणित' म्हणत. व्हरांड्यात गाठ पडली की, "काय वो गणित, आज कुनाचा भागाकार केला?" मी फणकारायची. मग ते खूश व्हायचे. आता सांगते, व्हरांड्याच्या त्या टोकाला त्यांचा आवाज आला की मी मुद्दाम कपाळाला आठ्या घालून तयार राहायची.

ते निवृत्त होणार होते त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मला गाठ लागली. छातीत. मिरजेला निदान झालं, ऑपरेशन झालं, मग केमो सुरू. मी एकटी. लग्न केलं नाही, सांगलीला भाऊ-वहिनी आहेत, माणसं चांगली. पण भावाच्या घरी पाहुणी दोन दिवसच गोड असते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून केमोच्या दिवशी पहाटेच्या पहिल्या एसटीने कडेगावहून मिरज, रात्र भावाकडे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या भाड्याच्या खोलीत. केस गेले, भुवया गेल्या. स्कार्फ बांधून मी खोलीत बसायची आणि दार वाजलं की मला घाम फुटायचा.

शाळेतले सगळे येऊन गेले. येताना सफरचंदं. इतकी सफरचंदं, की आजही ते फळ दिसलं तरी मला मळमळतं. येणारा प्रत्येक जण खालच्या आवाजात बोलायचा आणि खुर्चीच्या काठावर बसायचा. आले नाहीत ते एकटे हेडसर. एक दिवस न आलेल्या पोरीला शेळीसकट घेऊन येणारा हा माणूस, मी महिनोन् महिने शाळेत नव्हते तरी माझ्या दारात फिरकला नाही. मला ते लागलं. लागलं म्हणजे चांगलंच लागलं. मनात म्हटलं, ठीक आहे, आपण काही पिवळ्या रिबिनीची नाही.

एप्रिलमध्ये मिरजेची एक तारीख मी चुकवली. मुद्दाम. भावाला फोनवर सांगितलं, डॉक्टरांनीच पुढची तारीख दिलीये. अजून डोस बाकी होते, पण मला वीट आला होता. त्या सुईचा, त्या उलट्यांचा, बाकावर शेजारी बसलेल्या बायकांच्या त्याच त्या प्रश्नांचा. आता पुरे, असं मी ठरवून टाकलं होतं. शांत वाटत होतं. स्वेच्छानिवृत्ती घ्यायची, जे काय महिने मिळतील ते मिळतील, पण आता पुन्हा त्या गाडीत बसायचं नाही. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मराठीच्या मॅडम धावत आल्या. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, उत्साह फार. म्हणाल्या, "बाई, कळलं का? हेडसर निरोप समारंभाला तयार झाले! पण एक अट घातलीये. आधी तुमचा सत्कार, मग त्यांचा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मॅडम बसलेल्या असतानाच मी फोन लावला.

"सर, सत्कार म्हणजे वाटेला लावणं, असं कोण म्हणत होतं?"

"मीच म्हनत हुतो."

"मग मला वाटेला लावताय?"

"आवं, मी बी चाललोयच की वाटंला. संगं जाऊ."

"तुम्ही तुमच्या गावी माणला जाणार. मी कुठं जाणार ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

मग म्हणाले, "साडेधाला या बाई. वाट बघतो." आणि फोन ठेवला.

मी जायचं कबूल केलं ते त्यांच्यासाठी नाही. पोरांना एकदा डोळे भरून बघून घ्यावं, एवढंच मनात होतं. समारंभाच्या दिवशी सुती साडी नेसले, स्कार्फ नीट बांधला आणि छत्री घेऊन चालत निघाले. चौकात आले आणि समोर बघते तर फ्लेक्स.

केवढा थोरला! डावीकडे हेडसर, खाली 'सेवापूर्ती सोहळा'. उजवीकडे मी. जुन्या ग्रुप फोटोतून कापून काढलेली, कुणाचा तरी खांदा अजून मला चिकटलेला. मागे पांढरे ढग. भोवती झेंडूची माळ. आणि दोन्ही बाजूंना तेवणाऱ्या समया. फक्त 'भावपूर्ण' एवढं लिहायचं राहिलं होतं. नंतर कळलं, की फ्लेक्सवाल्याकडे वाढदिवसाचं, लग्नाचं आणि श्रद्धांजलीचं एवढीच डिझाइनं तयार होती. आजारी बाईच्या सत्काराला फुगे बरे दिसेनात, म्हणून त्या बिचाऱ्याने समया घातल्या. त्याच्या मनात पाप नव्हतं.

पानाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याने फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढली.

मला आधी हसू फुटलं. खरंच, तिथं रस्त्यात उभी राहून मी हसले. मग मी तशीच मागे फिरले, खोलीत आले आणि आतून कडी घातली. म्हटलं, झालं. गावाने उरकलंसुद्धा.

शाळेत काय चाललं होतं ते मॅडमनी मला मागाहून सांगितलं. त्या दिवशी पाहुणे चक्क वेळेवर आले होते. हेडसरांच्या धाकाने आले असावेत. मांडवात पोरं बसलेली, मागच्या ओळी उन्हात, समई लावलेली, स्वागतगीताच्या पोरी घसा खाकरून तयार. घड्याळात साडेदहा झाले. हेडसर वरच्या पायरीवर हात मागे बांधून उभे. पावणेअकरा. सचिव जवळ जाऊन म्हणाले, "सर, आज तुम्हीच उशीर करताय? करूया ना सुरुवात."

"बाई न्हाईत," हेडसर म्हणाले.

"अहो, पाहुण्यांना पुढं दुसरा कार्यक्रम आहे."

"पाव्हण्यास्नी च्या पाजा."

असं म्हणून ते मोपेडवर बसले आणि निघून गेले. ज्यांचा निरोप समारंभ, तेच मांडवातून गायब. सचिवांनी कपाळाला हात लावला, असं मॅडम सांगतात.

माझं दार वाजलं. मी उठले नाही. पुन्हा वाजलं. मग बाहेरच्या पायरीवर कुणीतरी हुश्श करून बसलं आणि मला समजलं कोण ते.

"बाई, चौकातला फ्लेक्स काढला," बाहेरून आवाज आला. "मोपेडच्या शिटावर चढून फाडला. माजा फोटू बी गेला त्येच्यात, जाऊद्या."

"परत जा सर. पाहुणे थांबलेत."

"थांबूद्यात."

"मी येणार नाही."

"बरं."

मला वाटलं, आता जातील. पण ते बसूनच राहिले. थोड्या वेळाने नेहमीसारखं, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "मंगळवारी तुमी मिरजंला गेला न्हाई."

दाराजवळ येऊन मी विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगतंय कोन? मी स्टँडवर हुतो. पैल्या गाडीत तुमी न्हवता. म्हटलं दुसरीला येतील. दुसरीला बी न्हाई. दुपारपातूर बसलो."

"तुम्ही स्टँडवर कशाला आला होता?"

"मी दर बारीला येतोय की. पैल्या डोसापास्नं. त्या कँटीनच्या आडूशाला हुभा ऱ्हातोय. तुमी चढला, खिडकीपाशी बसला की जातो शाळंत."

मी दाराला टेकून खाली बसले.

"मग घरी का आला नाहीत?" माझा आवाज चिरका झाला होता, मलाच ऐकू येत होतं. "सगळे आले. शिपायापासून सचिवापर्यंत सगळे आले. तुम्हीच तेवढे नाही आला."

"घरी आलो आसतो तर तुमी 'बरी आहे सर' म्हनला आसता. मानूस घरात बसून खोटं बोलतंय. गाडी धरायला चालताना खोटं चालता येत न्हाई. कवा पाय वडत चालता, कवा दमानं, ते मला दिसत हुतं."

बाहेर त्यांनी काडी की काहीतरी उचललं, पायरीवर रेघा ओढत असावेत. मग म्हणाले, "आमची आय हुती न्हवं, ती आजारी मेंढरू कळपाच्या म्होरं घालायची. बाप भांडायचा, म्हनायचा, मागं ऱ्हाऊदे, समद्यांचा खोळंबा व्हतोय. आय म्हनायची, मागं ठेवलं तर मागंच ऱ्हाईल, आन कवा पडलं ते कुनालाच कळनार न्हाई. म्होरं घातलं की समदा कळप त्याच्या चालीनं चालतोय."

मी स्कार्फची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"मे अखेर मी चाललो, बाई. म्होरच्या मंगळवारी, त्याच्या म्होरच्या, तुमी गाडीत न्हाई हे कुनाला दिसनार? मला भ्या त्येचंच हाय. म्हनून तुमास्नी समद्यांम्होरं हुभं करनार हुतो. शालीचं काय वो, ती जाईल परत कपाटात. समद्या शाळंनं तुमास्नी एकदा नीट बगून घ्यावं, एवडंच. बघितल्यालं मानूस न्हाई झालं की कळतंय."

गणितात सिद्धता पूर्ण झाली की पुढे वाद नसतो. पण मी दार उघडलं ते पटलं म्हणून नाही. मी उघडलं, कारण माझ्या दाराबाहेर माझ्यासाठी घाबरलेला एक माणूस बसला होता आणि गेले कित्येक महिने मी समजत होते की घाबरलेली मी एकटीच आहे. उंबऱ्यात उभी राहून मी रडले. ते बघत राहिले. समजूतबिमजूत काही घातली नाही. रडून झाल्यावर म्हणाले, "चला. पोरं उनात हायती."

मोपेडवर त्यांच्या मागे बसून गेले. शाळेच्या फाटकात त्यांनी पाय घासत गाडी थांबवली आणि मांडवात एकच कल्ला उठला.

व्यासपीठामागे फेटे बांधणारा उभा होता. बाहेरून आणलेला, मला ओळखत नव्हता. हातात फेटा घेऊन सवयीने म्हणाला, "ताई, तेवढे केस मागं घ्या." आणि म्हणता म्हणता त्याच्या ध्यानात आलं. गडी पांढराफटक पडला. मॅडमनी तर तोंडावर हात ठेवला.

मी म्हटलं, "घेतलेत. मिरजेपर्यंत मागं घेतलेत. बांधा तुम्ही."

हेडसर असे हसले की त्यांना ठसका लागला. मग मीही हसले, मग फेटेवालाही. त्या दिवशीचा माझा फेटा सगळ्यांत डौलदार बांधला गेला होता, तुरा असा वीतभर.

पाहुण्यांच्या हातून तपकिरी शाल खांद्यावर पडली, तोच डांबराचा वास. माझ्याबद्दल चार शब्द बोलायला हेडसरांना माइकवर बोलावलं. ते आले, माइक हातात न घेताच म्हणाले, "ही आपली गणिताची बाई. नीट बगून घ्या पोरानू." आणि खाली जाऊन बसले. संपलं भाषण.

पोरं बघायला लागली. टाळ्या नाहीत, काही नाही. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळी शाळा माना वर करून माझ्याकडे बघत होती आणि मी त्यांच्याकडे. भुवया नसलेला माझा चेहरा मी आरशातसुद्धा इतका वेळ पाहिला नव्हता. मला लपावंसं वाटलं नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा, मला जगावंसं वाटलं. इतकं वाटलं की भीती वाटली.

नंतर हेडसरांचा सत्कार झाला. त्यांनी तीच शाल माझ्याकडून घेऊन स्वतःच अंगावर टाकली, फोटो काढू दिला आणि घडी घालून शिपायाच्या हातात दिली. भाषणं पुष्कळ झाली. त्यांचं लक्ष नव्हतं. ते एकेका ओळीवरून सावकाश नजर फिरवत होते.

पुढच्या मंगळवारी मी पहाटे स्टँडवर गेले. डॉक्टरांची बोलणी खायची तयारी ठेवूनच गेले. हेडसर कँटीनच्या आडोशाला नव्हते, उघड गाडीच्या दाराशी उभे होते. म्हणाले, "आज बऱ्या चालता." मेअखेरपर्यंत प्रत्येक तारखेला ते होते. जूनमध्ये ते माणला निघून गेले. त्यानंतरच्या पहिल्या तारखेला मी अंधारात एकटीच स्टँडवर पोचले, आणि बघते तर मराठीच्या मॅडम डोळे चोळत उभ्या. पुढच्या वेळी पीटीचे सर. कुणी ठरवून दिलं नव्हतं. एकदा तापामुळे मला उठताच आलं नाही, तर दिवस उजाडायच्या आत दोघंही माझ्या दारात. "बाई, गाडीत दिसला नाही तुम्ही." पीटीच्या सरांनी गाडी करून मला मिरजेला पोचवलं.

डोस संपले. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. मी शाळेत परत आले आणि आठवी 'अ'च्या पोरांवर पहिल्याच दिवशी ओरडले. नवे हेडसर चांगले आहेत, शांत आहेत, खुर्चीत बसतात. पण परिपाठ संपतो, सगळं सामसूम होतं, आणि माझे कान काहीतरी ऐकायला थांबतात. व्हरांड्यात आठ्या घालून मी कुणासाठी चालते, मलाच कळत नाही. सरळच सांगते, मला त्यांची फार आठवण येते. इतकी कुणाची येईल असं मला वाटलं नव्हतं.

ते स्वतःहून फोन करत नाहीत. मी केला की शाळेतल्या एकेका पोराचं विचारतात, आणि स्वतःचं विचारलं की, "बरा हाय." या दिवाळीत फोन केला तेव्हाही तेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा फौजेत, लांब कुठं सरहद्दीवर. मेंढरं तर कधीच विकली होती. मी म्हटलं, "सर, घरात बसून माणूस खोटं बोलतो म्हणाला होता तुम्ही."

मग हळू म्हणाले, "सकाळच्याला पायरीवर हुभा ऱ्हातोय, बाई. सवय जात न्हाई. म्होरं नुसतं माळरान. कोन न्हाई म्हनून बगावं, तर समदीच न्हाईत."

"रविवारी येते," एवढं म्हणून मी फोन ठेवला.

रविवारी मायणीमार्गे दहिवडीची एसटी धरली. गाडी रस्त्यात बंद पडली, दुसरी मिळेपर्यंत ऊन चढलं. त्यांच्या गावच्या फाट्याला गाडी लागली तेव्हा दुपार झाली होती. बाभळीच्या विरळ सावलीत ते उभे होते, हात मागे बांधून, आणि मान वर करून गाडीची एकेक खिडकी बघत होते. सकाळपासून येणाऱ्या प्रत्येक गाडीची बघत असणार. मी दिसले तसं त्यांनी तोंड पलीकडे फिरवलं. मी उतरून जवळ गेले तरी पलीकडेच. धोतराच्या सोग्याने डोळे पुसून झाल्यावर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "लय वाळला, बाई."

मी म्हटलं, "तुम्ही पण."